व्हिसेरा आणि रक्ताचे नमुने पाठवताना या चुका टाळा

व्हिसेरा म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयव. त्यांवर ‘विष आढळले नाही’ असा सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आला की नातेवाईक मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला नावं ठेवतात. पण यंत्र बरणीत जे आलं तेवढंच सांगणार, आणि घोळ बरेचदा त्याआधीच होऊन गेलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती फॉर्मलिनची चूक. शवविच्छेदनाच्या टेबलावर दोन प्रकारच्या बरण्या असतात. हिस्टोपॅथॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासण्याची) फॉर्मलिनची, आणि रासायनिक तपासणीची साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणाची. अदलाबदल झाली की संपलं. फॉर्मलिनने अवयव घट्ट होतात, त्यातून विष वेगळं काढणं जड जातं आणि सायनाइडसारखं विष तर फॉर्मलिनशी संयोग पावून हातचं जातं. द्रावण संपृक्त आहे की नाही ते तळाशी बघा. न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. बरणी दोन तृतीयांशच भरा, कारण अवयव कुजताना वायू सुटतो आणि काठोकाठ भरलेल्या बरणीचं झाकण वाटेतच उडतं. वापरलेल्या द्रावणाचा थोडा नमुनाही वेगळा पाठवा. मिठातच भेसळ होती, हा आक्षेप तिथेच मिटतो.

दारूच्या केसमध्ये वेगळीच गंमत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. मर्यादा एवढी कमी, आणि आपण सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवतो! बचावपक्षाच्या वकिलाला आणखी काय हवं? त्वचा साबण-पाण्याने पुसा. रक्त सोडियम फ्लोराइडच्या बल्बमध्ये (रक्ताच्या छोट्या बाटलीत) घ्या, बल्ब हलक्या हाताने उलटसुलट करा आणि वर हवा कमीत कमी ठेवा. फ्लोराइड नसेल तर जंतू रक्तातली साखर आंबवून अल्कोहोल तयार करू शकतात.

मृतदेहातलं रक्त हृदयातून घेऊ नका. जठरातली दारू आसपास झिरपते, फुप्फुस-यकृतात साठलेली औषधंही मृत्यूनंतर रक्तात परततात, आणि आकडा फुगतो. मांडीच्या शिरेतलं रक्त घ्या. देह कुजलेला असेल तर डोळ्यातला द्रवही पाठवा. तिथे जंतू उशिरा पोचतात.

फॉर्मवर ‘अज्ञात विषप्राशन’ लिहून मोकळं होणं ही तर सवयच. प्रत्येक विष शोधायची वाट निराळी. कीटकनाशकं पकडणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राला आर्सेनिक सहसा दिसतच नाही, त्याला धातूंची वेगळी तपासणी लागते. घरात कपाशीच्या फवारणीचा डबा सापडला का? लेबलवरचं नाव लिहा. धान्यात ठेवायच्या गोळ्या होत्या का? त्यांचा फॉस्फिन वायू उडून जातो, बरणी घट्ट बंद हवी. सर्पदंशात दंशाभोवतीची त्वचा जोडा. दारू पिऊन अंधुक दिसू लागलं, असं कोणी सांगितलं तर तेही लिहा. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक जीव घेणारं, विषारी दारूतलं मिथेनॉल डोळ्यांवरच घाव घालतं.

आणि लघवीच्या चाचणी-पट्टीचा निकाल पाहून कोणाला ‘ड्रग्ज घेतो’ ठरवू नका. खसखस खाल्ल्यावरही मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. पट्टी फक्त चाळणी लावते. नक्की कोणता पदार्थ, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीच सांगणार. त्यासाठी उरलेली लघवी फेकू नका, सील करून फ्रीजमध्ये ठेवा.