पोटातलं पाणी काढताना सुई सरळ की तिरकी?

मेडिसिनच्या रेसिडेन्सीला मिरजेत येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सिरॉसिसचे (लिव्हर निबर झालेले) पेशंट तुम्हाला भरपूर मिळतील. जत, कवठेमहांकाळकडचे, काही हद्दीपलीकडून अथणीचेही. पोट तट्ट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली, सोबत पिशवीभर जुने रिपोर्ट. आणि टॅपिंगचं, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढण्याचं, नाव काढलं की नातेवाईक हमखास म्हणणार, "पाणी काढलं की माणूस र्‍हात न्हाई म्हणत्यात, डॉक्टर." त्यांच्याशी पाच मिनिटं बसून बोला, मगच संमतीपत्र पुढे करा.

सुईआधी जागा. पेशंटला लघवी करून यायला सांगा. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून साधारण 3 सेंमी वर आणि 3 सेंमी आत. तिथे पोटाची भिंत पातळ असते आणि पाणी खोल. फार मधे सरकलात तर पोटाच्या भिंतीतली एपिगॅस्ट्रिक धमनी वाटेत येते. जुने टाके आणि फुगलेल्या शिरा टाळा. सोनोग्राफीचा प्रोब हाताशी असेल तर अभिमान बाजूला ठेवून लावा.

आता वादाचा मुद्दा. सीनिअर बहुतेक झेड-ट्रॅक शिकवतात: कातडी सुमारे 2 सेंमी खाली ओढून धरायची, सुई घालायची, पाणी आल्यावरच कातडी सोडायची. दुसरी रीत 45 अंशांत तिरकी सुई घालण्याची. हेतू एकच, कातडीचं आणि आतल्या पडद्याचं भोक एका रेषेत राहू नये, म्हणजे नंतर पाणी झिरपणार नाही. तिसरी रीत सरळ काटकोनात आत जायची.

ऐकायला झेड-ट्रॅक पटतो. पण हातात मोजे, एक हात कातडी ओढण्यात अडकलेला, दुसऱ्याने सिरिंज मागे ओढत पुढे सरकायचं, आणि पेशंट कण्हतोय. नवख्याची कातडी नेमकी मधेच सुटते. तिरक्या वाटेत सुईवरचा प्लॅस्टिकचा कॅन्युला (बारीक नळी) वाकून धारही थांबते. अमेरिकेतल्या एका चाचणीत (2017) झेड-ट्रॅक आणि तिरक्या पद्धतीची तुलना झाली: झिरपण्यात फारसा फरक नाही, तिरक्या सुईत दुखणं आणि करणाऱ्याची अडचण कमी. छोटी चाचणी होती, आणि सरळ सुई त्यात नव्हती. पण वॉर्डात मला जे दिसतं त्यावरून नवख्याने सरळ सुईने सुरुवात करावी असं माझं मत. झेड-ट्रॅकही शिकाच, परीक्षेत विचारतातच.

लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) मात्र आतल्या पडद्यापर्यंत नीट भरा, खरी कळ तिथे असते. पडदा फुटल्याचा हलका झटका बोटाला कळतो. तिथे थांबा, सुई मागे घेत कॅन्युला पुढे सरकवा.

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढलेला दिसला की प्लाझ्मा मागवायची सवय आहे. सरसकट त्याची गरज नसते. पहिल्या टॅपिंगला पाण्यातल्या पेशी आणि अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासायला पाठवाच. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घन मिलीमीटरला 250 किंवा जास्त असले तर कल्चरची (जंतू वाढवून बघायच्या तपासणीची) वाट न बघता अँटिबायोटिक. कल्चरसाठी पाणी खाटेशेजारीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घाला.

पाच लिटरच्या वर काढलंत तर प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्या. आठ लिटरला 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या साधारण तीन बाटल्या लागतात. किंमत ऐकून घरच्यांचा चेहरा पडतो, तेव्हा आधीच बोला. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का तेही विचारून ठेवा.

नंतर पेशंटला भोकाच्या विरुद्ध कुशीवर झोपवा. तरीही गळलं तर गॉजवर गॉज चढवत बसू नका. स्टोमाची पिशवी (पोटावर चिकटणारी, गळणारं साठवणारी) चिकटवा, नाहीतर एक टाका घाला.