पिकप घेताय? मागच्या हौसिंगमधल्या आकड्याबाबत या चुका टाळा

नवी पिकप घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये काय काय बघतो, हे मी पंचवीस वर्षं बघतोय. हौदा किती फुटी, टेप आहे का, डाऊन पेमेंट किती, हप्ता किती. जरा जाणता असला तर खाली वाकून पाटे मोजतो. पण मागच्या हौसिंगमधला (मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा) क्राऊन, म्हणजे मोठं दातचक्र, किती दातांचा आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन किती दातांचा, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आणि तीन महिन्यांनी तोच माणूस दारात उभा असतो, "गाडी ओढंना ओ" म्हणत.

या दोन दातांच्या आकड्यांचा भागाकार म्हणजे रेशो. आपल्याकडे पिकपला रेशो निवडायचा वेगळा रकाना सहसा नसतो. मॉडेल निवडलं की त्याचा रेशो पदरात पडला. एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत हा आकडा वेगळा असू शकतो. कंपनीच्या पत्रकात मागच्या पानावर बारीक अक्षरात तो छापलेला असतो, 'रिअर ॲक्सल रेशो' किंवा 'फायनल ड्राइव्ह' म्हणून. सेल्समनला विचारलं तर बहुतेक वेळा "साहेब, पाच गिअर आहेत" असं उत्तर येतं. त्याच्यावर चिडू नका, त्याला कुणी कधी विचारलेलंच नसतं. पत्रक मागून घ्या.

हिशोब चौथीच्या पोराचा आहे. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ३९ ला ८ ने भागलं की ४.८७५. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत जाणारा फिरता दांडा) पावणेपाचच्या थोडं वर फिरला की मागचं चाक एकदा फिरतं. ४३ ला १० ने भागलं की ४.३.

आकडा उलटा वाचणे

मोठा आकडा म्हणजे जास्त पळणारी गाडी, असं अर्ध्या लोकांना वाटतं. नेमकं उलटं आहे. मोठा आकडा म्हणजे ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्याही जास्त. सायकलच्या मागच्या मोठ्या चकतीवर चढ चढतो तसं. यावर आणखी बोलायची गरज नाही.

अ‍ॅव्हरेजच्या नादात लहान आकडा घेणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती माझ्याच घरात झाली.

भाच्यानं पिकप घ्यायची ठरवली. धंदा ठरलेला होता, जालन्याहून सळई आणून केज-धारूर भागात पोचवायची. दोन मॉडेल समोर होती. एकीचा रेशो ४.८७५, दुसरीचा ४.३. मी म्हटलं पहिली घे. तो म्हणाला, "मामा, दुसरी लिटरमागं दीड किलोमीटर जास्त देतीय म्हणतेत. महिन्याचा हिशोब करा की." हिशोब त्यानं मोबाईलवर करून दाखवला. बरोबर होता. फक्त तो सपाट चौपदरी रस्त्यावर एका दमात ८० नं पळणाऱ्या गाडीचा होता.

तोच हिशोब मी आता तुम्हाला करून दाखवतो. २१५/७५ आर १५ चा टायर एका फेरीत २ मीटर २१ सेंटिमीटर जातो. टॉप गिअर ०.८ चा धरा, म्हणजे इंजिनच्या ०.८ फेरीत शाफ्टची एक फेरी. ८० च्या वेगाला ४.८७५ वाल्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण २३५० फेऱ्या मारतं, ४.३ वालीचं २०७५. पावणेतीनशे फेऱ्या कमी, म्हणजे डिझेल वाचणार, खरं आहे. आता वेग ५० वर आणा, कारण माजलगावच्या पुढं भरल्या गाडीनं तुम्ही तेवढंच चालता. पहिलीचं इंजिन १४७० वर असतं, दुसरीचं १३०० च्या आत. या छोट्या टर्बो डिझेलांचा जोर साधारण १४०० ते २२०० च्या दरम्यान असतो. म्हणजे दुसरी गाडी टॉपमध्ये जोराच्या खाली घुटमळते आणि ड्रायव्हर वैतागून चौथा टाकतो. दिवसभर चौथ्यात चालणाऱ्या गाडीचं टॉपमधलं अ‍ॅव्हरेज काय चाटायचंय?

तरी भाच्यानं ४.३ वालीच घेतली. वर दिवाळीला तिला रुबाब यावा म्हणून २३५ चे टायर चढवले. त्याबद्दल पुढं बोलतो.

पौषातली गोष्ट. १२ मिमीची दीडशे नग सळई भरली. १२ मीटरचा एक नग १० किलो ६६० ग्रॅम भरतो, म्हणजे माल १६०० किलो. पासिंगच्या (कागदावर मंजूर वजनाच्या) आत होता, त्याबद्दल तक्रार नाही. तेलगावहून धारूरचा घाट चढायला लागला. ज्यांनी तो घाट बघितलाय त्यांना सांगायला नको: रस्ता अरुंद, वळणं आवळलेली, समोरून एसटी आली की दोघांपैकी एकानं थांबायचं. पुढं सरकी पेंडीनं भरलेला एक ट्रक पाचच्या वेगानं रांगत होता. भाच्याच्या गाडीचा पहिला गिअर ४ चा. इंजिन ८०० फेऱ्यांवर रेंगाळत ठेवलं तरी त्याची गाडी साधारण साडेसहाच्या वेगानं पुढं सरकायची. चढाला तेवढ्या फेऱ्यांत जोरही नसतो, म्हणजे प्रत्यक्षात दहाचा वेग पाहिजे. पुढचा पाचनं, हा दहानं. मग राहिलं काय, हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा दाबून घसरवत चालवणं. दोन वळणं तसाच चढला. तिसऱ्या वळणावर ट्रक थांबला, याला थांबावं लागलं, आणि चढावरून गाडी उचलताना केबिनमध्ये तो वास आला. ज्याला तो वास एकदा आलाय तो विसरत नाही, जळक्या नखासारखा.

रात्री साडेनऊला फोन. "मामा, गिअर पडायलाय पण गाडी जागची हलंना."

मी दुसरी गाडी घेऊन गेलो. थंडीत, बॅटरीच्या उजेडात, त्या वळणावर दीडशे नग सळई एकेक करून दुसऱ्या हौद्यात टाकली. खाली कोरडी दरी, वर एसटीचे हॉर्न. भाचा एक शब्द बोलत नव्हता. मीही बोललो नाही, कारण हात सोलले होते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील घासून घेणं आणि चार दिवसांची खोटी. लिटरमागं दीड किलोमीटरनं वाचलेलं वर्षभराचं डिझेल त्या एका रात्रीत गेलं.

मी कुणालाही एवढंच सांगतो की रेशो महिन्यातल्या चांगल्या दिवसासाठी घेऊ नका, वाईट दिवसासाठी घ्या. माझी सवय अशी की गाडी घ्यायच्या आधी महिनाभर वहीत लिहायचं: कुठून कुठं, माल किती, कुठला घाट, परत येताना रिकामी का भरलेली. धारूर, मांजरसुंबा किंवा कन्नडचा घाट आठवड्यातून दोनदा भरल्या गाडीनं लागत असेल तर मोठा आकडा घ्या. वजनदार माल असेल आणि ठरत नसेल तरीही मोठाच घ्या. पण कुणी लातूरहून रात्रीची कुरिअरची हलकी खोकी घेऊन हैदराबादला पळत असेल, तर त्यानं माझं ऐकू नये. त्याला ४.३ च काय, त्याहून खालचा आकडाही चालेल. रात्रभर केकाटणारं इंजिन त्यानं का सोसायचं?

रेशो बघायचा आणि टायर विसरायचा

ही दुसरी नावडती. पोरांना मोठे टायर फार आवडतात. हौसिंगला हात न लावता टायर बदलला की रेशो बदलतो, हे पटवून देताना माझा घसा बसतो.

२१५/७५ आर १५ टायर उभा ७०३ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ चा ७३३. सव्वाचार टक्क्यांचा फरक. म्हणजे भाच्याच्या ४.३ च्या गाडीनं दिवाळीपासून ४.१२ ची गाडी म्हणून काम करायला सुरुवात केली होती. ४.८७५ च्या शेजारी उभं करून बघा, ओढ पंधरा टक्क्यांनी कमी. गाडी आणि माल मिळून तीन टन असेल तर इंजिनला ते साडेतीन टनासारखं लागतं. त्या वळणावर तो अर्धा टन कुठून आला, हे भाच्याला फेब्रुवारीत कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पटलं.

शिवाय वेगाचा काटा खोटं बोलतो. मोठ्या टायरवर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ नं पळत असते आणि किलोमीटरही कमी नोंदले जातात. याच्या उलट गंमत आमच्याकडच्या एका टँकरवाल्यानं केली. त्यानं मोठ्या आकड्याचा सेट (क्राऊन-पिनियनची जोडी) टाकला आणि गावभर सांगत सुटला की ओढही वाढली आणि अ‍ॅव्हरेजही वाढलं. त्याच्या गाडीचा काटा गिअरबॉक्सवरून चालत होता. शाफ्ट जास्त फिरला, काट्यानं जास्त किलोमीटर मोजले, एवढंच. मी त्याला रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजून दहा किलोमीटर गाडी चालवून काटा बघायला सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी जरा तुटक बोलतो.

रिकाम्या गाडीची ट्रायल

रिकामी पिकप कुठल्याही रेशोवर उड्या मारते. ट्रायल घ्यायची तर पन्नास किलोची वीस पोती टाकून घ्या, वजनकाट्यावर वजन करून. शोरूमवाला नाही म्हणाला तर त्याच मॉडेलची गाडी चालवणारा गावातला माणूस शोधा, त्याला चहा पाजा आणि भरल्या गाडीत शेजारी बसून एक फेरी मारा. चढावर तो कोणता गिअर टाकतो ते बघा, तोंडानं काय सांगतो ते राहू द्या.

एकटा ॲक्सलचा आकडा बघणे

पहिल्या गिअरच्या आकड्याशी गुणाकार केल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नका. पहिला गिअर ४ आणि ॲक्सल ४.३ म्हणजे १७.२. पहिला गिअर ५ आणि ॲक्सल ३.९ म्हणजे १९.५. ॲक्सलचा आकडा लहान असूनही चढाला दुसरी सरस.

याच कारणानं मोबाईलवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून "३.७३ चांगला का ४.१०" विचारायला येऊ नका. तिकडच्या पिकपला ३.५५, ३.७३, ४.१० असे पर्याय मिळतात, पण त्यांचं इंजिन आपल्या दुप्पट-तिप्पट, आठ-दहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, आणि काम मागं ट्रेलर ओढायचं. तो आकडा त्यांच्या घरी बरोबर आहे.

रेशो मोठा म्हणून माल वाढवणे

उन्हाळ्यात टँकरचे दिवस आले की हे हमखास. "ओढतीय ना गाडी, मग टाका दोन हजार लिटरची टाकी." दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन टन, टाकीचं लोखंड वेगळं, आणि अर्धी टाकी हिंदकळते ते आणखी वेगळं. रेशोनं पाटे, टायर, ब्रेक, ॲक्सल यातलं काहीच मोठं होत नाही. उतारावर मात्र मोठ्या आकड्याचा फायदा आहे, गिअरमध्ये गाडी चांगली धरून राहते आणि ब्रेक कमी तापतात. हा फायदा कुणीच मोजत नाही.

"नंतर सेट बदलून घेऊ"

घाईच्या माणसाचं आवडतं वाक्य. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासलेले असतात, दोन्हीवर जोडीचा नंबर असतो. भंगारातून एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन आणून लग्न लावलं की गाडी पन्नास-साठच्या वेगाला हुंऽऽ करून रडायला लागते आणि वर्षभरात दात सोडते. नवी जोडी टाकली तरी शिम (पातळ चकत्या) लावून दातांमधला प्ले, म्हणजे मोकळेपणा, बसवणं, बेअरिंगचा ताण बघणं, दातांना निळा रंग लावून ठसा तपासणं, हे सगळं निवांत बसून करणारा मिस्त्री पाहिजे. दोन तासांत करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नव्या गाडीची वॉरंटीही जाते. मी स्वतः सेट टाकला तर पहिले पाचशे किलोमीटर गाडी हलकी चालवतो आणि मग तेल बदलतो. पोरं हसतात, हसू द्या.

फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे, एकट्या मागच्याला हात लावायचा नाही.

जुनी घेताना मालकाच्या तोंडावर विसंबणे

मधल्या काळात हौसिंग उघडलंय का, हे विकणारा सांगत नाही. खडू घेऊन जा. गाडी सपाट जागेवर, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. मग हँडब्रेक सोडा. टायरवर एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर एक रेघ. एकानं उचललेलं चाक हातानं बरोबर दोनदा फिरवायचं, दुसऱ्यानं शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. दोनदा का, तर दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं आणि डिफरन्शियल (दोन चाकांना फिरणं वाटून देणारी हौसिंगमधली गिअरची जोडणी) त्या दोन फेऱ्यांची एक करतो. शाफ्ट पाचला जरा कमी फिरला तर ४.८७५ चा सेट, चार फेऱ्या होऊन वर पाव-एक फेरी गेली तर ४.३ चा. शंका राहिली तर चाक वीसदा फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहानं भागा, ४९ च्या जरा आत आल्या का ४३ आल्या ते लगेच कळतं.