एप्रिलची आखणी जानेवारीत: अमेरिकेतील स्प्रिंग सेमिस्टर कसे सांभाळावे

अमेरिकी विद्यापीठांतील स्प्रिंग सेमिस्टरच्या नावात वसंत असला, तरी बहुतेक ठिकाणी ते जानेवारीच्या मध्यावर, ऐन थंडीत सुरू होते आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात परीक्षांनी संपते. हे पंधरा-सोळा आठवडे कागदावर फॉल सेमिस्टरइतकेच भरतात. परंतु उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज, प्राप्तिकराचे विवरणपत्र, पुढील सत्राची विषयनोंदणी, घराचा नवा करार आणि पदवी पूर्ण होत असल्यास ओपीटीचा (पदवीनंतर आपल्या विषयातील काम तात्पुरते करण्याच्या परवानगीचा) अर्ज, ही सारी कामे याच सत्राच्या वाट्याला येतात आणि त्यांतील बरीचशी मार्च-एप्रिलमध्ये एकदमच अंगावर येतात. म्हणून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सत्राची आखणी पुढून मागे, म्हणजे एप्रिलकडून जानेवारीकडे करत यावी, असे मला वाटते.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस हाती येतो. तो नुसता चाळून ठेवून देण्याचा कागद नाही. गुणांची विभागणी, उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापले जातात, आणि परीक्षा चुकल्यास काय करायचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. सर्व विषयांचे सिलॅबस शेजारी-शेजारी ठेवून एका मोठ्या कागदावर आठवड्यांचे रकाने आखावेत आणि प्रत्येक चाचणी, अहवाल व प्रकल्प त्या-त्या रकान्यात त्याच्या गुणभारासह लिहावा. समजा, तेराव्या आठवड्यात एका विषयाचा तीस टक्के गुणांचा प्रकल्प, दुसऱ्याचा वीस टक्क्यांचा निबंध आणि तिसऱ्याची चाचणी एकत्र पडली, तर ते जानेवारीतच दिसते आणि निबंधाचा पहिला मसुदा दहाव्या आठवड्यात संपवण्याची तारीख तेव्हाच ठरवता येते. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सच्या वेळाही त्याच कागदावर लिहाव्यात. आपल्याकडून आलेल्या विद्यार्थ्यांना तिथे जाणे संकोचाचे वाटते, ‘उगाच सरांचा वेळ कशाला घ्यायचा’ असा विचार मनात येतो; पण तो वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेला असतो, आणि पुढे शिफारसपत्र मागायचे झाल्यास तोंडओळख तिथेच होते.

त्यानंतर तासांचा हिशेब मांडावा. अमेरिकी केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे सेमिस्टरमधील एका क्रेडिटसाठी आठवड्याला वर्गातील एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तासांचे काम धरलेले असते. म्हणजे १५ क्रेडिट घेणाऱ्याचे आठवड्याचे ४५ तास अभ्यासातच जातात. त्यात कॅम्पसवरील नोकरीचे २० तास मिळवले की ६५ होतात. झोपेचे ५६ तास वजा केले, तर १६८ तासांपैकी ४७ उरतात. स्वयंपाक, कपडे, आंघोळ, बसची वाट पाहणे यांना दिवसाचे तीन तास दिले तर हातात २६ राहतात, आणि आजारपण, इंटर्नशिपच्या मुलाखती, मित्रमंडळी, घरी फोन हे सारे त्यांतच बसवावे लागते. वीस तास ही कायद्याने आखलेली कमाल मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असे नाही. पैशांची ओढाताण नसेल तर १५ क्रेडिटसोबत दहा-बारा तासांची नोकरी मी पुरेशी मानेन. ग्रंथालयाच्या काउंटरसारखी, मधल्या वेळेत पुस्तक उघडता येईल अशी कामे लवकर भरली जातात, त्यामुळे त्यांसाठी सत्र सुरू होण्यापूर्वीच अर्ज करावा.

नोकरीच्या नियमांबाबत मात्र ‘सगळेच करतात’ हा आधार धरू नये. वर्ग सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींची बेरीज २० च्या आत असावी लागते. विद्यापीठाने जाहीर केलेल्या सुटीत, स्प्रिंग ब्रेकमध्येही, पूर्णवेळ काम चालते. कॅम्पसच्या आवारात आहे म्हणून प्रत्येक काम कॅम्पसवरील ठरत नाही: विद्यार्थ्यांना थेट सेवा देणारे भोजनगृह किंवा पुस्तकांचे दुकान खासगी कंपनीचे असले तरी चालते, पण आवारात इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडचे काम चालत नाही. काम सुरू होताना आय-९ हा फॉर्म भरावा लागतो. त्याचा आपला भाग पहिल्या दिवसापर्यंत पूर्ण करायचा असतो आणि मूळ कागदपत्रे मालकाला तीन कामकाजी दिवसांत तपासायची असतात, म्हणून पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी-पात्रतेचे प्रमाणपत्र) हाताशी ठेवावेत.

कॅम्पसबाहेरील कामाला परवानगीशिवाय हात लावू नये. शिकत असताना मिळणारी नेहमीची परवानगी म्हणजे सीपीटी. ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते, काम अभ्यासक्रमाचा भाग असावे लागते, आणि परवानगी ठरावीक कंपनी व ठरावीक तारखांपुरतीच असते. आय-२० वर तिची नोंद होण्यापूर्वी एक दिवसही काम करता येत नाही. ‘आधी रुजू व्हा, कागद मागून येतील’ असे कंपनीने सुचवले तरी नकारच द्यावा. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून अधिक झाली, तर त्याच पातळीवरील पदवीनंतरच्या ओपीटीचा हक्क जातो, हेही आधीच ध्यानात ठेवावे. उन्हाळी इंटर्नशिप जूनमध्ये सुरू होणार असेल तर नियुक्तिपत्र हाती पडताच अभ्यासक्रमाच्या सल्लागाराकडे आणि मग डीएसओकडे (विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावे, कारण मे महिन्यात त्या कार्यालयापुढे सगळ्यांचीच रांग असते. ‘बिनपगारी आहे, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. सेवाभावी संस्थेतील खरी स्वयंसेवा करता येते. पण ज्या कामाला एरवी पगार दिला जातो तेच काम फुकट केल्याने ती स्वयंसेवा ठरत नाही.

एखादा विषय झेपत नसेल, तर तो सोडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत विषय सोडल्यास गुणपत्रिकेवर त्याची खूण राहत नाही. त्यानंतर सोडल्यास बहुतेक विद्यापीठांत ‘डब्ल्यू’ (विषय मध्येच सोडल्याची नोंद) लागतो, आणि ही दुसरी मुदतही सत्र संपण्याच्या बरीच आधी संपते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एफ-१ विद्यार्थ्याने पूर्ण अभ्यासभार राखणे आवश्यक असते, पदवीपूर्व पातळीवर तो १२ क्रेडिटचा आणि पदव्युत्तर पातळीवर बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिटचा असतो, आणि त्यात पूर्णपणे ऑनलाइन असा एकच विषय किंवा तीनच क्रेडिट धरले जातात. डीएसओची पूर्वपरवानगी न घेता या मर्यादेच्या खाली गेल्यास व्हिसाची स्थिती धोक्यात येते. आजारपण किंवा शेवटचे सत्र अशा कारणांसाठी सवलत मिळू शकते, पण ती आधी मागावी लागते. डब्ल्यू लागल्याने प्रतिष्ठा जात नाही. न विचारता विषय सोडणे मात्र महागात पडते.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे जाते. ॲरिझोनाचा बहुतांश भाग आणि हवाई वगळता सर्व राज्यांत हा बदल होतो. पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेनऊला केलेला फोन तोवर भारतात सकाळी आठ वाजता पोचत असतो. बदलानंतर तोच फोन सातला वाजतो, त्यामुळे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. सोमवारी सकाळी चाचणी किंवा मुलाखत असल्यास तो हरवलेला तास चांगलाच जाणवतो. स्प्रिंग ब्रेक बहुतेक मार्चमध्येच, एका आठवड्याचा असतो. त्याचे पहिले चार दिवस मनसोक्त सुटी घ्यावी आणि उरलेले तेराव्या आठवड्याच्या त्या प्रकल्पाला द्यावेत. या आठवड्यात वसतिगृह, भोजनगृह आणि बस यांचे वेळापत्रक बदलते, म्हणून राहण्या-जेवण्याची सोय आधी विचारून घ्यावी. देशाबाहेर जायचे असल्यास आय-२० वरील प्रवासासाठीची सही बारा महिन्यांच्या आतली आहे का आणि पासपोर्टवरील व्हिसा चालू आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे.

करांचे काम १५ एप्रिलपर्यंत पूर्ण करायचे असते. मालकाने डब्ल्यू-२ हा वर्षभराच्या पगाराचा व कापलेल्या कराचा फॉर्म जानेवारीअखेर द्यायचा असतो. तो मिळाला की विवरणपत्र फेब्रुवारीतच उरकून टाकावे. पहिली पाच कॅलेंडर वर्षे एफ-१ विद्यार्थी करासाठी सामान्यतः अनिवासी धरला जातो, म्हणून १०४०-एनआर (अनिवासींचे विवरणपत्र) आणि सोबत ८८४३ (अमेरिकेतील वास्तव्याचे निवेदन) हे फॉर्म भरावेत. मित्राने सुचवलेल्या एखाद्या संकेतस्थळावरून निवासींसाठीचा साधा १०४० भरून टाकू नये. उत्पन्न काहीच नसेल तरी ८८४३ भरावाच लागतो, फक्त त्याची मुदत १५ जूनपर्यंत असते. भारत-अमेरिका कर-करारातील कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी बहुतेक इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. या पाच वर्षांत पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या निवृत्तिवेतन व आरोग्यविम्याच्या सरकारी योजनांची कपात व्हायला नको. झाली असेल तर आधी मालकाकडेच परतावा मागावा.

घराचे करार अनेक ठिकाणी बारा महिन्यांचे असतात आणि नूतनीकरणाची विचारणा कित्येक महिने आधी होते. उन्हाळ्यात दुसऱ्या गावी इंटर्नशिप असेल तर खोली पोटभाड्याने द्यावी लागते. त्यासाठी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी, कारण पोटभाडेकरूने भाडे थकवले तरी मूळ करारावर सही आपलीच असते.

मेमध्ये पदवी पूर्ण होणाऱ्यांनी ओपीटीचा अर्ज फेब्रुवारीतच हाती घ्यावा. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतरच्या ६० दिवसांपर्यंत तो करता येतो. मात्र डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे) पोचला पाहिजे, म्हणून फी आणि छायाचित्रे तयार झाल्यावरच शिफारस मागावी. हे नियम बदलू शकतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे पान पुन्हा वाचावे. परीक्षा संपल्यावर वसतिगृह किंवा खोली सोडली की नवा पत्ता दहा दिवसांच्या आत डीएसओला कळवावा लागतो. केवळ उन्हाळ्यापुरते दुसऱ्या गावी राहायला गेले तरी.