शंखाच्या विषातून वेदनाशामक: कामाला लागण्याआधी

भाची पणजीला एमएस्सी करते. प्रकल्पासाठी तिने विचारलं, "मावशी, विषातून दुखण्यावरचं औषध कसं काढतात?" पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

विष नंतर, आधी वेदना ठरवा. माझ्या आईचा कर्करोग हाडांत उतरला होता. मॉर्फिन वाढवलं की ती गुंगीत जायची, पोट साफ व्हायचं नाही, आणि तरी पहाटे मांडी घट्ट धरून बसलेली दिसायची. अशा वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पोचतो तिथे मज्जातंतूंच्या टोकांवर एन-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारं, असतात. ते बंद केले तर निरोप पुढे जात नाही. कुठलं दार बंद करायचं हे ठाऊक असेल तरच विषातल्या शेकडो पेप्टाइडांतून हवं ते निवडता येतं.

हे दार शंखाने दाखवलं. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी शंकूच्या आकाराच्या शंखांच्या विषावर काम सुरू केलं. पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात त्यांच्याकडे नुकतीच शाळा संपवून आलेल्या मायकल मॅकिन्टॉशला कोनस मॅगस या शंखाच्या विषात एक पेप्टाइड सापडलं. त्यात २५ अमिनो आम्लं आहेत. तेच झिकोनोटाइड हे वेदनाशामक. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

विष काढायला शंख मारावा लागत नाही. छोट्या नळीच्या तोंडावर पातळ रबर ताणून बसवायचं, त्यावर माशाचा पर घासायचा. वासाने शंख सोंड पुढे काढतो आणि भाल्यासारखा दात रबरातून आत मारतो. मिळतं ते काही मायक्रोलिटर, लगेच गोठवून ठेवायचं. आपल्या खडपांत ओहोटीला फिरताना असा जिवंत शंख दिसला तर मात्र उचलू नका. कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसं मेली आहेत, त्यावर उतारा नाही. नमुने गोळा करायचे तर जैवविविधता कायद्याखाली कोणती परवानगी लागते ते आधी विचारा. काही शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे.

यापुढे एचपीएलसीवर (द्रावण कॉलममधून सोडून त्यातले घटक सुटे करणाऱ्या यंत्रावर) विषाचे घटक वेगळे करायचे, मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन पाहायचं, अमिनो आम्लांचा क्रम लावायचा. हल्ली विषग्रंथीच्या आरएनएवरूनही क्रम मिळतो. क्रम हाती आला की शंखाचं काम संपलं, पेप्टाइड यंत्रावर बनवता येतं.

खरी कसोटी घडी घालताना, म्हणजे साखळी योग्य आकारात दुमडताना, लागते. झिकोनोटाइडमध्ये सहा सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आहेत. त्यांच्या तीन जोड्या १५ प्रकारे जुळू शकतात, हवा तो एकच. मी एकदा घाईत द्रावण घट्ट ठेवलं. सकाळी नळीच्या तळाशी पांढरा साका होता, तीन आठवड्यांचं पेप्टाइड गेलं. म्हणून द्रावण अगदी पातळ ठेवा, किंचित अल्कधर्मी, त्यात ग्लुटाथायोनची (जोड्या सुटायला-जुळायला मदत करणाऱ्या रेणूची) दोन्ही रूपं घाला आणि थंडीत सावकाश होऊ द्या. तिन्ही जोड्या जुळल्या की वजन सहा डाल्टनांनी (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) उतरतं. त्यावर समाधान मानू नका, कारण चुकीच्या जोड्यांचंही वजन तेवढंच भरतं. नैसर्गिक पेप्टाइड आणि तुमचं पेप्टाइड एकत्र कॉलमवर चढवा. आलेखावर एकच शिखर आलं तर पुढे जा, दोन दिसली तर घडी पुन्हा घाला.

मग पेशींवर चाचणी: चॅनेल किती बंद होतो, आणि हृदयाचे, स्नायूंचे चॅनेल बिघडत नाहीत ना. त्यानंतर उंदीर, तेही संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीनेच.

औषध शरीरात कुठून द्यायचं, हा प्रश्न मात्र शेवटासाठी ठेवू नका. झिकोनोटाइड रक्तातून मेंदू-मज्जारज्जूत नीट शिरत नाही, त्यामुळे गोळी चालत नाही. पोटाच्या कातडीखाली पंप बसवून बारीक नळीने ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. पण डोस भराभर वाढवला तर चक्कर, गोंधळ, भास होतात. म्हणून दिवसाला जास्तीत जास्त २.४ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात, आणि वाढवतात ते रुग्णाकडे पाहत, हळूहळू.

भाचीच्या वहीत मी पहिल्या पानावर दोन ओळी लिहायला लावल्या: कोणाची वेदना, आणि औषध तिथे पोचणार कसं. दुसरी ओळ अजून कोरी आहे. ती भरेपर्यंत तिने शंख मागवायचे नाहीत, असं आमचं ठरलंय.