रायझोबियमवर काम करायचंय? आधी खुरपं घ्या

रायझोबियम म्हणजे सोयाबीन, हरभरा अशा द्विदलांच्या मुळांवरच्या गाठीत राहून हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणारा जिवाणू, यालाच नायट्रोजन फिक्सेशन म्हणतात. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करणारी मुलं-मुली विचारतात की मॅडम, नायट्रोजन फिक्सेशनवर पीएचडी करायची आहे, कोणता जीन घेऊ? मी म्हणते जीन राहू दे, आधी सोयाबीनचं झाड उपटता येतं का बघ. खरंच सांगते, उपटायचंच नसतं ते. हाताने ओढलं की अर्ध्या गाठी मातीत राहतात, म्हणून खुरप्याने लांबून, गोल, मातीच्या ढेकळासकट काढायचं आणि बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवायचं. पेरणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी, फुलं यायच्या सुमाराला. एक गाठ नखाने फोडा, आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे, हिरवट-तपकिरी असेल तर गाठ म्हातारी झाली.

तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईकच, आणि मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ती गाठच बघत बसले होते. नायट्रोजन फोडणारं नायट्रोजनेज हे एन्झाइम ऑक्सिजनच्या संपर्कात आलं की खराब होतं, पण हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडायला कमीत कमी 16 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लागतात आणि एवढी ऊर्जा श्वसनाशिवाय कुठून येणार? म्हणून झाड हा प्रोटीन बनवतं, तो ऑक्सिजन धरून ठेवतो आणि जिवाणूला हवा तेवढाच देतो. त्याआधी मुळं फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं सोडतात, ती ओळखून जिवाणू नॉड फॅक्टर नावाचा संकेत सोडतो, मग मूळकेस वाकडा होतो आणि त्यातून जिवाणू आत शिरतात. भुईमुगात मात्र असं होत नाही, तिथे बाजूची मुळं फुटतात त्या फटीतून ते आत जातात, त्यामुळे पुस्तकातली एकच आकृती सगळ्या द्विदलांना लावू नका.

आमच्या घरी बाबा कायम म्हणायचे, हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे हरभऱ्यानंतरचं पीक जोमात येतं. त्यामागे काय आहे ते जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1886 ला दाखवलं आणि 1888 ला नेदरलँड्समध्ये बायेरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढला. तुम्हालाही पहिल्या वर्षी तेच करायचंय. बाहेरचे जिवाणू मरावेत म्हणून गाठ अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग हायपोक्लोराइटमध्ये तीनेक मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धुवायची, आणि शेवटच्या धुण्याचं पाणी पण प्लेटवर टाकून त्यात काही वाढत नाही ना ते बघायचं, हे बहुतेक जण गाळतात. मग गाठ चेचून यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगरवर (जिवाणू वाढवायचं खाद्य) रेघा ओढायच्या, त्यात कॉन्गो रेड हा लाल रंग घातलेला. रायझोबियम सहसा तो रंग फारसा घेत नाही, पांढरटच राहतो. हरभऱ्याचा मेझोरायझोबियम (रायझोबियमचाच भाऊबंद) बऱ्यापैकी लवकर दिसतो, सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम मात्र 28 अंशांवर आठवडाभर वाट बघायला लावतो. तिसऱ्या दिवशी मोठी चिकट कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) दिसली की मुलं खूश होतात, सोयाबीनमध्ये तेव्हा उलट संशय घ्यायचा.

आणि प्लेटवर आलं म्हणजे रायझोबियम झालं असं नाही. गाठीत दुसरे जिवाणूही राहतात. नुसत्या 16एस सिक्वेन्सवर (जिवाणू ओळखायला वाचतात त्या जीनवर) भागत नाही, तोच जिवाणू निर्जंतुक कुंडीतल्या रोपाला देऊन गाठ येते का हे बघितल्याशिवाय मी तरी मान्य करत नाही. या कुंड्यांनीच माझा एक अख्खा हंगाम खाल्ला. एका झारीने सगळ्यांना नायट्रोजन नसलेलं द्रावण घातलं, जिवाणू दिलेल्यांना आधी आणि कंट्रोलला, म्हणजे मुद्दाम जिवाणू न दिलेल्यांना, नंतर, आणि तिसाव्या दिवशी कंट्रोलच्या मुळांवर छान गाठी! खूप रडले होते तेव्हा. आता कंट्रोलची झारी वेगळी, पाणी आधी कंट्रोलला, आणि नायट्रेट दिलेल्या कुंड्याही शेजारी ठेवतेच, नाहीतर रोप पिवळं पडलं ते नायट्रोजन कमी पडल्यामुळे की आणखी कशामुळे हे सांगता येत नाही.

फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट, डीबीटी-जेआरएफ या परीक्षा बघा, कृषीवाल्यांना आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषदेचा) रस्ता आहे. पण गाइडला भेटाल तेव्हा एक नक्की विचारा, ग्रीनहाऊस आहे का आणि अॅसिटिलीन रिडक्शनसाठी, म्हणजे नायट्रोजनेज किती काम करतं ते मोजायला, गॅस क्रोमॅटोग्राफ चालू अवस्थेत आहे का. आणि जॉइन व्हायची तारीख खरीप बघून ठरवा, ऑगस्ट गेला की सोयाबीनच्या गाठींसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, रब्बीत हरभरा आहे तेवढाच आधार.

पीएचडी नाही केली तरी जीवाणू खतांच्या युनिटमध्ये क्वालिटी कंट्रोलचं काम मिळतं आणि ते अजिबात हलकं समजू नका. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरच्या रायझोबियममध्ये ग्रॅमला निदान 5 कोटी जिवंत पेशी लागतात, द्रवरूपात मिलीला 10 कोटी. शेतकरी बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम लावून सावलीत सुकवतो, सगळं नीट करतो, पण पाकीट उन्हात पडलेलं असेल तर तो काय करणार? बाबांनी आणलेलं एक पाकीट मी पेरणीआधी डायल्यूशन करून, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करून, प्लेटवर लावलं होतं, आठ दिवसांनी कॉलनी मोजल्या, त्या नियमापेक्षा फारच कमी होत्या, तेव्हापासून गावातले चार-पाच जण मे संपता संपता आपापली पाकिटं घेऊन आमच्या ओट्यावर येतात.