औषधाच्या नावाची शेपटी वाचायला शिका

औषधाच्या पाकिटावर दोन नावं असतात, बऱ्याचदा मोठ्या अक्षरात ब्रँड आणि खाली बारीक अक्षरात जेनेरिक, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं नाव. आपली नजर मोठ्या नावावर जाते, पण कामाचं असतं ते बारीक नाव, कारण ब्रँड कंपनीगणिक आणि देशागणिक बदलतो, हे मात्र जवळपास सगळ्या जगात एकच राहतं.

आता हे ठरवतं कोण? तर जागतिक आरोग्य संघटना. १९५० साली या कामाचा ठराव झाला आणि १९५३ मध्ये नावांची पहिली यादी आली. नवीन औषधाच्या माणसांवर चाचण्या चालू असतानाच कंपनी जिनिव्हाला, संघटनेच्या मुख्यालयात, अर्ज करते, सोबत स्वतःला सुचलेली काही नावंही देते. मग तज्ज्ञ बसून बघतात की नाव आधीच्या कुठल्या औषधासारखं ऐकू येत नाही ना, आणि नावातूनच रोग किंवा शरीराचा अवयव सूचित होत नाही ना. ठरलेलं नाव आधी 'प्रस्तावित' म्हणून छापतात, चार महिने कुणालाही हरकत घेता येते, हरकत नसेल तर ते 'शिफारस केलेलं' होतं. हे नाव कुणाच्याच मालकीचं नसतं, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

खरी गंमत शेपटीत आहे. एका कुटुंबातल्या औषधांना नावाचा एक तुकडा सारखा देतात, बहुतेक वेळा शेवटी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यातलं 'ओलॉल' म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाची आणि ब्लड प्रेशरची औषधं. एनालाप्रिल, रामिप्रिल यातलं 'प्रिल' आणि टेल्मिसार्टन, लोसार्टनमधलं 'सार्टन', दोन्ही ब्लड प्रेशरवाले पण काम करायची पद्धत वेगळी. 'ग्लिप्टिन' डायबिटीसचं. काही तुकडे सुरुवातीला येतात, जसं 'सेफ' म्हणजे सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक. तर पाकीट हातात घेतलं की आधी बारीक नाव शोधा, मग त्याची शेपटी बघा, घरातल्या दोन वेगवेगळ्या पाकिटांवर एकच शेपटी दिसली तर दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या आधी डॉक्टरला नक्की विचारा.

पण शेपटी पूर्ण वाचायची, अर्धी नाही, इथेच लोक फसतात. पॅरासिटामॉल 'ऑल'ने संपतं म्हणून ते बीटा ब्लॉकर होत नाही, त्याला 'ओलॉल' लागतं. कोलेस्टेरॉलवाल्यांचा तुकडा 'वास्टॅटिन' आहे, अटॉरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन असा, नुसता 'स्टॅटिन' नाही, कारण नायस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आहे. आणि ओमेप्राझोल ॲसिडिटीचं पण अरिपिप्राझोल मानसिक आजाराचं, तिथे शेपटी 'पिप्राझोल' आहे. एवढ्याशा 'पि'ने औषध पार बदलतं!

नियमही काळाबरोबर बदलतात. अँटिबॉडी औषधांना (शरीरातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांसारखी बनवलेली औषधं) 'मॅब' लावायचे, ती नावं इतकी वाढली की २०२१ मध्ये 'मॅब' सोडून 'टग', 'बार्ट', 'मिग', 'मेंट' अशा चार नवीन शेपट्या आणल्या, जुन्यांची नावं तशीच राहिली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पीएच ऐवजी एफ आणि वाय ऐवजी आय वापरायचा असाही नियम आहे, म्हणजे वेगवेगळ्या भाषांत लिहायला सोपं जातं. मराठीत लिहिताना तो फरक दिसत नाही, पण जुन्या इंग्रजी चिठ्ठीवर जरा वेगळं स्पेलिंग दिसलं तर गोंधळू नका.

आता अपवाद. काही जुन्या औषधांना अमेरिकेत वेगळं नाव आहे आणि परदेशी जाताना हे माहीत हवंच. पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणतात, दम्यावरच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. ॲड्रेनालिनचं उलट आहे, जागतिक नाव एपिनेफ्रिन आणि अमेरिकेतही तेच, पण ब्रिटनमध्ये ॲड्रेनालिन चालतं. पॅरासिटामॉलचं जास्त सांभाळा, सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ते आधीच असतं, तापाची गोळी वेगळी घेतली की नकळत डबल डोस होतो आणि लिव्हरवर बेततं. प्रवासाला निघताना आपल्या औषधांची यादी जेनेरिक नावं आणि मिलिग्रॅमसकट लिहून घ्या, ब्रँड कंसात टाका.