शार्त्रचं कॅथेड्रल बघायला जाताय? या चुका टाळा

शार्त्र हे फ्रान्समधलं गाव, आणि तिथलं कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मोठं चर्च, रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी प्रसिद्ध. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा दीड तासात बाहेर पडले. आत अंधार, उंचावर काहीतरी निळं-लाल चमकतंय, मान अवघडलेली आणि फोनमधले फोटो सगळे काळेकुट्ट. पॅरिसची परतीची गाडी गाठायची होती, म्हणून निघाले. चार वर्षांनी पुन्हा गेले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबले, आणि तेव्हा कळलं की पहिल्या खेपेला मी जवळजवळ काहीच पाहिलं नव्हतं. आपल्याकडून जाणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अर्ध्या दिवसात उरकायला जाणं

ही सगळ्यात मोठी चूक. शार्त्र पॅरिसपासून साधारण 80 किलोमीटरवर आहे. मोंपार्नास स्थानकातून गाडी सुटते आणि तासा-सव्वा तासात पोचवते. अंतर कमी, म्हणून लोक दुपारचे दोन तास काढून जातात. पण इथे बघायचा असतो तो रंगीत काचांतून येणारा उजेड, आणि तो दिवसभर जागा बदलत राहतो. सकाळी पोचा आणि संध्याकाळी निघा.

तिकिटाचंही आताच सांगते. पॅरिस शहर आणि उपनगरांसाठी काढलेला पास शार्त्रपर्यंत चालत नाही, कारण हे गाव त्या विभागाच्या बाहेर आहे. वेगळं तिकीट काढा. स्थानकातून कॅथेड्रल चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे टॅक्सीच्या फंदात पडू नका.

आत शिरल्या शिरल्या वर बघायला लागणं

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलं की काही दिसत नाही. मग माणूस घाबरल्यासारखा भराभर चालत सुटतो. तसं करू नका. एखादी खुर्ची पकडा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की काचा हळूहळू उलगडायला लागतात. आधी रंग कळतो, मग आकृत्या, मग चेहरे.

दुर्बीण न नेणं हीदेखील तितकीच मोठी चूक. छत 37 मीटर उंच आहे आणि वरच्या खिडक्यांमधला तपशील नुसत्या डोळ्यांना पेलत नाही. पक्षी बघायला नेतो ती साधी दुर्बीण पुरते. मान दुखत असेल तर उभ्याने बघू नका, खुर्चीत मागे रेलून बघा.

काच वरून खाली वाचणं

इथे 176 खिडक्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक काचा तेराव्या शतकातल्या आहेत. 1939 मध्ये युद्ध सुरू होताना त्या काढून सुरक्षित जागी नेल्या होत्या आणि युद्धानंतर परत बसवल्या. पण त्या समोर असूनही गोष्ट कळत नाही, अशी तक्रार सगळेच करतात. कारण आपण पानासारखं वरून वाचायला जातो. बहुतेक खिडक्यांत गोष्ट तळापासून सुरू होते आणि वर चढत जाते.

सगळ्या बघायचा हट्ट सोडा आणि एक निवडा. मी निवडली होती दक्षिणेच्या बाजूची, येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीची. अगदी तळाशी मोची कामाला बसलेले आहेत, कारण ही खिडकी मोच्यांच्या नावाची. त्यांच्या वर गोष्ट सुरू होते. एक वाटसरू यरुशलेमहून निघतो, दरोडेखोर त्याला घायाळ करून वाटेत टाकून देतात, धर्मगुरू बघून पुढे निघून जातो आणि परका माणूस, म्हणजे तो शोमरोनी, थांबतो. आणखी वर गेलं की एकदम आदाम आणि हव्वा दिसतात. मी गोंधळले होते. मग लक्षात आलं की काच बनवणाऱ्यांनी दोन गोष्टी मुद्दाम जोडल्या आहेत. देवाच्या एदेन बागेतून बाहेर पडलेला माणूस हाच तो घायाळ वाटसरू, असा तिचा अर्थ. या एका खिडकीसमोर माझा पाऊण तास गेला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं आजही वाटतं.

अशा कितीतरी खिडक्यांच्या पायाशी कामकरी लोक आहेत. बेकरीवाले, सुतार, चामड्याचे व्यापारी. आठशे वर्षांपूर्वीची हत्यारं, टोप्या, दुकानाच्या फळ्या तिथे दिसतात. संतांच्या चेहऱ्यांइतकंच हेही निरखून बघा.

दिशेचा गोंधळ

पुस्तकात 'उत्तर', 'दक्षिण', 'पश्चिम' असं लिहिलेलं असतं आणि आपण उन्हाचा हिशेब त्यावरून मांडतो. तो चुकतो. ही इमारत सरळ पूर्व-पश्चिम नाही, तिचं गर्भगृहाकडचं टोक ईशान्येकडे वळलेलं आहे. त्यामुळे 'दक्षिणेच्या' काचा सकाळी उजळतात, आणि 'पश्चिमेच्या' म्हणजे मुख्य दारावरच्या काचा दुपारनंतर. तुम्ही गेलात आणि एखादी खिडकी मंद दिसली, तर काचेत दोष नाही, वेळ चुकली आहे. दोन-तीन तासांनी परत या.

भूलभुलैया 'सापडत नाही'

मुख्य दालनाच्या फरशीत सुमारे 13 मीटर व्यासाचा दगडी भूलभुलैया आहे. लोक तो शोधत फिरतात आणि त्याच्यावरच उभे असतात, कारण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वसंतापासून शरदापर्यंत साधारणपणे शुक्रवारी त्या हटवतात. जायच्या आधी वेळापत्रक तपासा आणि शक्य असेल तर शुक्रवारच धरा. या भूलभुलैयाला फाटे नाहीत. एकच वाट वळसे घेत मध्यापर्यंत जाते, त्यामुळे अभिमन्यूसारखं अडकायची भीती नाही. पुढच्या माणसाला ओलांडू नका, लोक त्यावर प्रार्थना म्हणून चालतात.

वागण्यातल्या चुका

हे आजही चालू देऊळ आहे. चपला काढायच्या नसतात, पण पुरुषांनी टोपी काढायची असते. आपल्याकडच्या उलट, म्हणून विसरायला होतं. मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, चालू असताना फिरू नका, मागे बसून ऐका.

फोटो काळे किंवा पांढरे येतात

फ्लॅश बंद ठेवा. समोरून प्रकाश पडला की रंगीत काच मरते, तिला पलीकडचाच उजेड लागतो. फोनच्या पडद्यावर काचेवर बोट टेकवा आणि उजेड कमी करत न्या. भिंत काळी झाली तरी चालेल, रंग येतील.

भिंतींवरून आठवलं. जुन्या फोटोंतला काजळलेला अंधार शोधत गेलात तर निराश व्हाल. गेल्या काही वर्षांत आतली साफसफाई झाली आणि दगड आता फिकट, लोण्याच्या रंगाचा दिसतो. यावर बराच वाद झाला. मला काचा आता अधिक मोकळ्या वाटतात.

बाहेरची बाजू सोडून देणं

दोन मनोरे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून लोक हळहळतात. उजवीकडचा बाराव्या शतकातला, 105 मीटरचा, साधा. डावीकडचा त्याहून उंच, नक्षीदार. 1506 मध्ये वीज पडून त्याचा जुना कळस गेला आणि 1513 पर्यंत नवा उभा राहिला. मधल्या साडेतीन शतकांत गॉथिक, म्हणजे ही बांधकामाची शैली, किती बदलली ते एका नजरेत दिसतं.

खाली शाही दरवाजा, म्हणजे मुख्य बाजूची तीन दारं, कॅथेड्रलला 1194 मध्ये लागलेल्या आगीतून वाचलेला आहे. डाव्या दाराच्या कमानीत राशी आणि बारा महिन्यांची कामं कोरली आहेत. जागा पुरली नाही म्हणून मीन आणि मिथुन उजव्या दारावर जाऊन बसल्या आहेत. त्याच उजव्या दारावर पायथागोरस मांडीवरच्या लिहायच्या फळीवर वाकून बसला आहे, कपाळाला आठ्या घालून.

तो बघून झाला की पुन्हा आत जा. दुपारचे चार-साडेचार वाजलेले असतील. वळून मुख्य दाराच्या वर बघा. उजव्या हाताची खिडकी इशायच्या, म्हणजे येशूच्या पूर्वजाच्या, वंशवृक्षाची, तीही आगीतून वाचलेली, बाराव्या शतकातली. खाली झोपलेल्या म्हाताऱ्याच्या अंगातून झाड निघालं आहे आणि फांदीफांदीवर राजे बसले आहेत. ऊन मागे आलं की तो निळा रंग पेटतो आणि समोरच्या खांबावर निळसर डाग सरकत जातो. संध्याकाळची पुढची गाडी आधीच बघून ठेवा, म्हणजे तो डाग विझेपर्यंत बसता येईल.